बिनशिगेचा पेला

स्वयंपाकघरातील पुष्कळसे ज्ञान पुस्तकात नसते. ते हातात असते. लाडवांचा पाक केव्हा झाला हे आजीची दोन बोटे ओळखतात. भाकरीच्या पिठात पाणी किती घालावयाचे हे आईच्या तळव्याला कळते. ‘मीठ किती घालू?’ असे विचारले, तर ‘घाल अंदाजाने’ असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते. परंतु ज्याच्याजवळ अंदाज आहे, त्यालाच ते उपयोगी पडते. ज्याच्याजवळ तो नाही आणि तो शिकविणारे वडीलधारे माणूसही ज्याच्या घरी नाही, त्याने काय करावे?

हा प्रश्न वरवर पाहता लहान आहे. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बोस्टन शहरात एका पांगळ्या स्त्रीने तो मनावर घेतला आणि त्याच्या उत्तरासाठी आपले आयुष्य वेचले. तिने दिलेले उत्तर कसे होते, हे एका साध्या घरगुती खाऊच्या निमित्ताने पाहता येईल. तो खाऊ म्हणजे ओट आणि बेदाणे यांच्या भाजलेल्या वड्या.

अमेरिकेत घरोघरी होणाऱ्या गोड पदार्थांत ओट-बेदाण्यांच्या बिस्किटांना मानाचे स्थान आहे. अशा बिस्किटाला तेथे ‘कुकी’ म्हणतात. हा शब्द मूळचा डच भाषेतील; त्याचा अर्थ ‘लहानसा केक’. डच वसाहतवाल्यांबरोबर तो अमेरिकेत गेला आणि तेथेच रुजला. कुकीचे गोळे एकेक करून ताटावर मांडावे लागतात व ताटामागून ताट भाजावे लागते. ज्या दिवशी एवढी सवड नसते, त्या दिवशी तेच मिश्रण एका चौकोनी ताटात सारखे पसरून एकदमच भाजतात आणि निवल्यावर त्याच्या वड्या पाडतात. आपल्याकडे नारळाच्या वड्या पाडतात, तशाच त्या दिसतात. मात्र त्या चुलीवर आटविलेल्या नसून ओव्हनमध्ये, म्हणजे बंद भट्टीत, भाजलेल्या असतात.

या वड्यांतील मुख्य धान्य ओट. ते थंड आणि दमट हवेचे धान्य आहे. आरंभी ते गहू व जव यांच्या शेतात आपोआप उगवणारे तण होते, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. युरोपच्या उत्तरेकडील थंड, पावसाळी मुलखात गहू नीट पिकत नसे. परंतु हे तण तेथे जोमाने वाढे. तेव्हा शेतकऱ्यांनी त्यालाच पिकाचा मान दिला. स्कॉटलंडमधील गोरगरीब माणसे शतकानुशतके ओटची लापशी आणि ओटची भाकरी खाऊन जगली. इंग्लंडातील सधन लोकांना मात्र हे धान्य हलके वाटे. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सन यांनी आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश सिद्ध केला. त्यात ओट या शब्दाचा अर्थ देताना, हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात, स्कॉटलंडात मात्र त्यावर माणसे पोसतात, अशा आशयाचा टोमणा त्यांनी मारला. त्यावर एका स्कॉटिश गृहस्थाने, म्हणूनच इंग्लंडचे घोडे नामांकित आणि स्कॉटलंडची माणसे नामांकित, असे उत्तर दिल्याचे सांगतात.

अमेरिकेतही ओटला प्रथम घोड्यांच्याच तोबऱ्यात स्थान होते. जर्मनीहून ओहायो राज्यातील ॲक्रन गावी येऊन राहिलेल्या फर्डिनंड शूमाकर या दुकानदाराने १८५० नंतरच्या काही वर्षांत माणसांसाठी ओट भरडून विकण्यास आरंभ केला. पुढे या धंद्यात एक महत्त्वाची सुधारणा झाली. ओटचे सोललेले दाणे वाफवून ते दोन रुळांमधून दाबून काढू लागले. दाणे चपटे होऊन त्यांचे पोहे तयार झाले. भरडलेला ओट शिजण्यास अर्धा तास लागे. हे पोहे थोड्याच मिनिटांत मऊ होत. हेच पोहे या वड्यांत घालतात. भारतात आजही ओटचे पीक मुख्यतः जनावरांच्या वैरणीसाठी घेतात. तथापि शहरांतील दुकानांत ओटचे पोहे आता सहज मिळतात.

दुसरा महत्त्वाचा जिन्नस बेदाणा. या शब्दातच त्याचे वर्णन सामावलेले आहे. फारसी भाषेत ‘बे’ म्हणजे ‘वाचून’ आणि ‘दाना’ म्हणजे बी. ज्यात बी नाही, तो बेदाणा. कॅलिफोर्नियातील बेदाणे बहुतांशी ‘थॉम्पसन सीडलेस’ या बिनबियांच्या द्राक्षाचे असतात. द्राक्षे वेलींच्या ओळींमधील जमिनीवर कागदावर पसरतात आणि दोन-तीन आठवडे उन्हात वाळू देतात. म्हणून ते बेदाणे काळसर तपकिरी होतात. हीच जात महाराष्ट्रातही आली आणि येथील मातीत रमली. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिच्यातूनच निवडलेला एक वेल ‘तास-ए-गणेश’ या नावाने प्रसिद्धीस आला. तेथील शेतकरी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि विशिष्ट तेल यांच्या द्रावणात बुडवून काढतात व उघड्या बाजूंच्या मांडवात जाळ्यांवर सावलीत वाळवितात. त्यामुळे त्या बेदाण्यांचा हिरवट-पिवळा रंग टिकून राहतो. अशा रीतीने कॅलिफोर्नियाचा काळसर बेदाणा आणि तासगावचा सोनेरी बेदाणा ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत. एक किलो बेदाणा मिळण्यासाठी सुमारे चार किलो द्राक्षे लागतात. उरलेला भार पाण्याचा. तो वाऱ्या-उन्हाबरोबर निघून जातो आणि गोडवा तेवढा मागे राहतो.

जिन्नस हाती आले, तरी पदार्थ होत नाही. कोणता जिन्नस किती घ्यावयाचा, हे कळावे लागते. आणि येथेच जुन्या पाककृतींचे घोडे अडे. त्या काळच्या अमेरिकन पुस्तकांत ‘अक्रोडाएवढे लोणी’, ‘अंड्याएवढे लोणी’, ‘चिमूटभर मीठ’, ‘पुरेसे पीठ’ अशी मापे सर्रास आढळत. अक्रोड लहानही असतो आणि मोठाही. एका बाईची चिमूट दुसरीच्या चिमटीच्या दुप्पट असू शकते. जी मुलगी आईच्या पदराला धरून स्वयंपाकघरात वाढली, तिला या मापांची अडचण नसे. तिने हजार वेळा पाहिलेले असे. परंतु तो काळ पालटत होता. खेड्यांतील मुली गिरण्यांत आणि दुकानांत काम करण्यासाठी बोस्टनसारख्या शहरांत येत होत्या. परदेशांतून जहाजे भरभरून माणसे येत होती. कित्येकींची आई समुद्रापलीकडे राहिली होती. त्यांच्या हाती पुस्तक होते. पण ते ‘पुरेसे पीठ’ म्हणजे किती, हे सांगणारे कोणी जवळ नव्हते.

फॅनी मेरिट फार्मर यांचा जन्म १८५७ साली बोस्टन येथे झाला. मुलगी हुशार होती आणि तिने महाविद्यालयात शिकावे अशी आईबापांची इच्छा होती. परंतु ती शाळेत असतानाच, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिच्यावर पक्षाघाताचा आघात झाला. शाळा सुटली. कित्येक वर्षे तिला चालता येईना. पुढे ती चालू लागली, पण पायातील अधूपणा कायमचा राहिला. बरोबरीच्या मैत्रिणी शिकून पुढे गेल्या आणि ती घरातच राहिली. अशा अवस्थेत कोणाचेही मन खचून जावे. फॅनी मात्र स्वयंपाकघरात बसून आईला मदत करू लागली आणि हळूहळू त्या कामात तिचे मन रमले. पुढे एका कुटुंबात मदतनीस म्हणून ती काम करू लागली. त्या घरातील लहान मुलीने, ‘अंड्याएवढे लोणी म्हणजे नेमके केवढे?’ असे विचारले आणि त्या प्रश्नाने फॅनीला विचारात पाडले, अशी एक कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, प्रश्न मात्र खरा होता.

बोस्टनमध्ये १८७९ साली स्त्रियांच्या एका शिक्षणसंस्थेने पाकशाळा काढली होती. वयाची तिशी उलटल्यावर, ज्या वयात इतर स्त्रिया शिक्षणाचा विचार सोडून देतात त्या वयात, फॅनी फार्मर तेथे विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. १८८९ साली त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला. त्यांची हुशारी पाहून शाळेने त्यांना तेथेच ठेवून घेतले आणि काही वर्षांतच त्या शाळेच्या प्रमुख झाल्या. मापाचा विचार करणाऱ्या त्या पहिल्याच नव्हत्या. त्याच शाळेत पूर्वी शिकविणाऱ्या मेरी लिंकन यांनी १८८४ सालच्या आपल्या पुस्तकात पेला आणि चमचा यांची मापे दिली होती. परंतु फॅनी फार्मर यांनी या गोष्टीला नियमाचे रूप दिले आणि तो नियम कधी मोडू दिला नाही.

तो नियम मराठी भाषेत एका शब्दाने उत्तम सांगता येतो. धान्य मोजताना माप काठोकाठ भरल्यावर त्याच्यावर जो निमुळता ढीग राहतो, त्याला ‘शीग’ म्हणतात. एखादी गोष्ट पराकाष्ठेला गेली म्हणजे ती ‘शिगेला पोहोचली’ असे आपण म्हणतो, ते यावरूनच. देताना शिगेचे माप द्यावे, ही उदारपणाची खूण आहे. परंतु शीग प्रत्येक हाताची निराळी. म्हणून फॅनी फार्मर यांनी ठरविले, की पाककृतीतील माप नेहमी बिनशिगेचेच असावे. पेल्यात पीठ सैलसर भरावे, दाबू नये, हापटू नये; आणि वर आलेली शीग सुरीच्या सरळ पाठीने सारून टाकावी. चमच्याचेही तसेच. पेला सपाट, चमचा सपाट. मग तो पेला बोस्टनमधील शिक्षिकेने भरलेला असो वा दूरच्या शेतावरील मुलीने, आत पीठ सारखेच राहील.

१८९६ साली त्यांनी पाकशाळेच्या नावाने आपले पुस्तक सिद्ध केले. प्रकाशकाला ते खपेल असा भरवसा वाटेना. म्हणून छपाईचा खर्च लेखिकेनेच करावा, अशी अट त्याने घातली. त्यांनी ती मान्य केली आणि तीन हजार प्रती छापल्या. पुस्तकात सपाट मापांचा नियम स्पष्ट शब्दांत होता आणि शेकडो पदार्थांबरोबर ओटच्या बिस्किटांची कृतीही होती. पुस्तकाला एवढी मागणी आली, की त्याच्या आवृत्तींवर आवृत्ती निघू लागल्या आणि पुढे लाखो घरांत ते पोहोचले. ज्यांना आईजवळ शिकता आले नाही, अशा असंख्य मुलींना त्या पुस्तकाने आईच्या जागी उभे राहून शिकविले.

आता हा नियम पाळून वड्या कशा होतात ते पाहावे. येथे पेला म्हणजे सुमारे २४० मिलिलिटरचा आणि लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा. अर्धा पेला मऊ लोणी, पाऊण पेला तपकिरी साखर, एक अंडे, पाऊण पेला मैदा, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा, अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड, पाव लहान चमचा मीठ, दीड पेला ओटचे पोहे आणि अर्धा पेला बेदाणे एवढे जिन्नस लागतात. ताट आठ इंच लांब व आठ इंच रुंद असावे आणि त्याला आतून लोण्याचा हात फिरवावा. कामाला हात घालण्यापूर्वी ओव्हन ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १७५ अंश सेल्सिअस, तापण्यास ठेवावा.

प्रथम लोणी आणि साखर एकत्र करून पुष्कळ फेटावी. हे काम कंटाळवाणे आहे; म्हणून ते टाळण्याचा मोह होतो. परंतु साखरेचे टोकदार कण लोण्यातून फिरताना त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकवितात. लोण्याचा रंग फिकट आणि पोत हलका झाला, की हवा पुरेशी शिरली असे समजावे. पुढे भट्टीत हेच बुडबुडे फुगून वडीला हलकेपणा देतात. नंतर अंडे घालून मिश्रण एकजीव करावे. अंड्यातील पाणी आणि लोण्यातील स्निग्धांश यांचे एरवी जमत नाही. परंतु अंड्याच्या बलकातील द्रव्ये मध्यस्थी करून त्या दोहोंना एकत्र धरून ठेवतात.

मैदा, सोडा, दालचिनी आणि मीठ ही दुसऱ्या भांड्यात आधी मिसळून घ्यावी. सोडा एके ठिकाणी राहिला, तर तेवढाच घास तुरट-कडवट लागतो. तपकिरी साखरेत काकवीचा अंश असतो आणि काकवी किंचित आंबट गुणाची असते. सोडा आणि हा आंबटपणा यांचा ओलाव्यात संयोग झाला, की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो व मिश्रण फुलते. येथे मापाचे महत्त्व विशेष आहे. सोडा दुप्पट पडला, तर आंबटपणा संपून सोडा मात्र उरतो आणि वड्यांना साबणासारखी चव येते.

कोरडे मिश्रण ओल्यात घातल्यावर मात्र हात आखडता घ्यावा. गव्हाच्या पिठात पाणी मिसळून ते मळले, की ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते. वडीला नको असते. म्हणून पीठ दिसेनासे होताच ढवळणे थांबवावे. फेटताना घाई करू नये आणि ढवळताना हौस करू नये. शेवटी ओटचे पोहे आणि बेदाणे हलक्या हाताने मिसळावे. बेदाणे फार सुकलेले असतील, तर आधी दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून निथळून घ्यावे. नाही तर ते वडीतील ओलावा ओढून घेतात. मैद्याच्या बाबतीतही पेल्याची परीक्षा येथेच होते. सैल भरलेल्या सपाट पेल्यात मैदा सुमारे सव्वाशे ग्रॅम मावतो. तोच पेला पिठात खुपसून दाबून भरला, तर दीडशे ग्रॅमच्याही पुढे जातो. नावाला पेला एकच. परंतु पहिल्याच्या वड्या मऊ आणि दुसऱ्याच्या कोरड्या, भुरभुरणाऱ्या होतात.

मिश्रण ताटात सारखे पसरून ताट ओव्हनमध्ये ठेवावे. हे काम मोठ्या माणसांच्या देखत आणि जाड कापड हाती घेऊनच करावे. सुमारे बावीस ते पंचवीस मिनिटांत कडा सोनेरी तपकिरी होतात आणि लोणी, दालचिनी व भाजलेले धान्य यांचा संमिश्र सुगंध घरभर पसरतो.

आता एक नवीच गोष्ट ध्यानात येते. येथवर सर्व काही मापाने झाले. परंतु ताट नेमके कोणत्या क्षणी बाहेर काढावे, हे माप पुरतेपणी सांगू शकत नाही. फॅनी फार्मर यांच्या काळी तर चुली लाकडांच्या किंवा कोळशाच्या असत आणि त्यांना उष्णतामापक नसे. बायका भट्टीत हात धरून आकडे मोजीत, किंवा कागदाचा तुकडा आत ठेवून तो किती वेळात तांबूस होतो ते पाहत. आजच्या ओव्हनला अंशांची चकती आहे; तरी एक ओव्हन दुसऱ्यासारखा नसतो. म्हणून घड्याळावर विसंबून न राहता डोळ्यांनी पाहावे आणि नाकाने ऐकावे. कडा घट्ट झाल्या असून मधला भाग अजून किंचित मऊ दिसत असेल, तीच वेळ योग्य. ताट बाहेर काढल्यावरही त्यातील उष्णतेने मधला भाग पुढे भाजत राहतो. मधोमध कडक होईपर्यंत जो वाट पाहतो, त्याच्या वड्या निवल्यावर दगडासारख्या होतात.

त्यानंतरची पायरी सर्वांत अवघड; कारण त्यात काहीच करावयाचे नसते. वड्या पूर्ण निवेपर्यंत थांबावयाचे असते. गरम असताना सुरी घातली, तर वड्या मोडतात. निवताना लोणी पुन्हा घट्ट होते, ओटचे पोहे उरलासुरला ओलावा शोषून घेतात आणि सगळे मिश्रण एकमेकांना धरून बसते. तासाभराने उभे तीन आणि आडवे तीन काप दिले, की दोन-दोन इंचांच्या सोळा सारख्या वड्या पडतात. सारख्या वड्यांचा मोठा गुण असा, की वाटताना भांडण होत नाही. मापाने आरंभलेले काम अशा रीतीने न्यायाने संपते.

फॅनी फार्मर यांनी १९०२ साली आपली स्वतंत्र पाकशाळा काढली. दीर्घ आजारपण त्यांनी स्वतः सोसले होते. म्हणून आजारी माणसांच्या आहाराकडे त्यांचे विशेष लक्ष होते. त्या विषयावर १९०४ साली त्यांनी पुस्तक लिहिले, परिचारिकांना शिकविले आणि हार्वर्डच्या वैद्यक विद्यालयात व्याख्यानेही दिली. ज्या मुलीचे शाळेचे शिक्षण अर्धवट सुटले होते, तिच्यासमोर डॉक्टर होऊ घातलेले विद्यार्थी वही-लेखणी घेऊन बसले. अखेरच्या वर्षांत पायांनी पुन्हा दगा दिला. तरी चाकांच्या खुर्चीत बसून त्या शिकवीत राहिल्या. १९१५ साली त्यांचे निधन झाले.

अंदाज आणि माप यांत वैर नाही. माप हे अंदाज नसलेल्याला दिलेला हात आहे. तो हात धरून माणूस पहिल्या दहा वेळा चालतो आणि अकराव्या वेळी त्याच्या डोळ्याला, नाकाला, बोटांना स्वतःचा अंदाज येतो. आजीजवळ जे आहे, ते आजीबरोबर संपू द्यावयाचे नसेल, तर कोणी तरी तिच्या शेजारी वाटी आणि चमचा घेऊन बसले पाहिजे, तिची चिमूट मोजून घेतली पाहिजे आणि ती कागदावर उतरविली पाहिजे. एका हातात असलेले ज्ञान असे मोजून दुसऱ्या हातात दिले, म्हणजे ते कोणा एकाचे राहत नाही; ते सर्वांचे होते.

शब्दार्थ

शीग – मापावर राहणारा धान्याचा निमुळता ढीग. पक्षाघात – शरीराचा भाग लुळा पडण्याचा रोग. तोबरा – घोड्याच्या तोंडाला बांधावयाची चंदीची पिशवी. टोमणा – टोचून केलेले बोलणे. काकवी – उसाचा रस आटवून केलेला दाट पाक. स्निग्धांश – तेलकट किंवा तुपकट भाग. पराकाष्ठा – शेवटची मर्यादा. परिचारिका – रोग्यांची शुश्रूषा करणारी स्त्री.

स्वाध्याय

१. ‘अंदाजाने घाल’ हे उत्तर कोणाच्या उपयोगाचे आहे आणि कोणाच्या नाही?
२. ओट हे धान्य तणाचे पीक कसे झाले?
३. कॅलिफोर्निया आणि तासगाव येथे बेदाणे वाळविण्याच्या रीतींत कोणता फरक आहे? दोन्ही बेदाण्यांना ‘एकाच घराण्यातील भावंडे’ का म्हटले आहे?
४. बिनशिगेच्या मापाचा नियम आपल्या शब्दांत सांगा.
५. ‘फेटताना घाई करू नये आणि ढवळताना हौस करू नये.’ या वाक्यातील दोन्ही भागांची कारणे लिहा.
६. माप कोठे थांबते आणि नजर कोठे सुरू होते? पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
७. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : शिगेला पोहोचणे, मनावर घेणे, घोडे अडणे, हात आखडता घेणे, दगा देणे.
८. ‘बेदाणा’ शब्दातील ‘बे’ या उपसर्गाचा अर्थ सांगा. त्याच उपसर्गाचे आणखी चार शब्द लिहा.
९. ‘नाकाने ऐकावे’ असे लेखकाने का म्हटले असावे? येथे नेहमीचा शब्द कोणता आला असता?
१०. घरातील वडीलधाऱ्या माणसाला एखादा पदार्थ करताना पाहा. त्यांच्या मुठीचे व चिमटीचे माप वाटी-चमच्याने मोजून घ्या आणि ती कृती दुसऱ्या कोणालाही करता येईल अशी लिहून काढा.